लादीनाचं चिलखत आणि होल्डेनर बाईंचा बुधवार

"फक्त बाल्कनीत टांगून ठेव, बाबा. दुसरं काही, म्हणजे काहीही, करू नकोस," असं बजावून लादीना रविवारी संध्याकाळी बर्फाविना, हॉलमधल्या सरावाच्या शिबिराला गेली, आणि डूरी कापाउलने मान डोलावली. मान डोलावणाऱ्या बापाच्या डोक्यात त्या वेळी काय शिजत असतं हे मुलींना कळत नाही. बायकांना कळतं, पण डूरीची बायको मेंगिया नेमकी त्या आठवड्यात बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाझेलला गेली होती. नाहीतर ही गोष्ट झालीच नसती.

टांगायची ती वस्तू म्हणजे लादीनाचं चिलखत. घरात त्याला तेच नाव पडलं होतं. सोळा वर्षांची पोरगी स्कीवर उलट्या तोंडाने घसरत येते, बर्फाच्या उंचवट्यावरून हवेत उडते, तिथे दोन-तीन गिरक्या घेते आणि नशीब असेल तर पायांवर उतरते. नसेल तर कशावरही. त्यासाठी अंगात घालायचा हा पोशाख. दिसायला काळा, घट्ट, मानेपासून मांडीपर्यंत एकसंध, पुढे चेन. आत खिशाखिशांतून नारिंगी रंगाचे दहा पॅड. एक पाठीला, दोन खांद्यांना, दोन कोपरांना, दोन कमरेला, दोन मांड्यांना आणि एक, सगळ्यात महत्त्वाचा, माकडहाडाला. गंमत अशी की बोटाने दाबलं तर पॅड भिजवलेल्या कणकेसारखा मऊ, आणि त्यावर दणका बसला की त्याच क्षणी टणक. डूरीला ही वस्तू मनापासून आवडायची. एरवी मऊ आणि वेळ आली की घट्ट, असं त्याला स्वतःला कधी जमलं नव्हतं.

पण वास! अख्ख्या हिवाळ्याचा घाम त्या दहा खिशांत मुरलेला. सोमवारी सकाळी तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाल्त्सरने, जो चाळीस वर्षं डोंगरावर अडकलेल्या लोकांना खाली आणायचं काम करत होता, वर मान करून विचारलं, "डूरी, तुझ्याकडे बोकड मेलाय का रे?" मंगळवारी वरच्या मजल्यावरच्या होल्डेनर बाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी फक्त खिडकी लावली, पण अशी लावली की गल्लीभर ऐकू जावं.

आता खरं सांगायचं तर वास हे निमित्त होतं. डूरीचं दुखणं वेगळंच होतं. जानेवारीतल्या स्पर्धेत तो कुंपणापाशी उभा होता, आणि लादीना उडाली त्या क्षणी त्याने डोळे मिटले. मुद्दाम नाही. वर्षापूर्वी ती कमरेवर बशीएवढा काळानिळा डाग घेऊन घरी आली, तेव्हापासून ते आपोआप मिटायचे, शिंक येताना मिटतात तसे. पण लादीनाने ते पाहिलं. घरी येऊन म्हणाली, "सगळ्यांचे बाप बघतात. तू नुसता डोळे मिटून प्रार्थना करतोस. मी पडणारच असं धरूनच येतोस ना? मग येतोस कशाला?" आणि आता शनिवारी जिल्ह्याच्या संघाची निवड होती. तिने स्पष्ट सांगितलं होतं, तू येऊ नकोस. डूरीला हे फार लागलं होतं. तोंडाने सांगता येईना म्हणून त्याने ठरवलं, चिलखत धुवायचं. स्वच्छ, घडी घालून, लॅव्हेंडरच्या वासाचं चिलखत पाहून पोरीचं मन विरघळेल.

इथपर्यंत ठीक होतं. पुढे धुलाईची खोली आली.

बाहेरच्या माणसाला वाटेल, तळघरात मशीन आहे, कपडे टाकायचे, बटण दाबायचं. आमच्याकडे तसं नसतं. आमच्याकडे घराची चावी एक वेळ शेजाऱ्याला देतील, धुलाईच्या खोलीची नाही. प्रत्येक बिऱ्हाडाला ठरलेला वार असतो. त्या दिवशी चावी त्या बिऱ्हाडाची, आणि दुसऱ्याच्या वारी तळघरात बादली घेऊन दिसलेल्या माणसाकडे लोक पुढची दहा वर्षं वेगळ्या नजरेने बघतात. कापाउलांचा वार एकाआड एक मंगळवार, आणि या आठवड्याचा मंगळवार त्यांचा नव्हता. बुधवार होल्डेनर बाईंचा.

आणि नियम? नियमांचं सात पानी पुस्तक खोलीच्या दारावर लटकवलेलं. ते लिहिलं होतं डूरीनेच. जमीन नोंदणीच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस तो; दोन गोठ्यांमधली हद्द बोटभर सरकली तर त्याला झोप यायची नाही. ते पुस्तक लिहून झालं तेव्हा मेंगिया म्हणाली होती, "याचा त्रास एक दिवस तुलाच होणार." तो हसला होता.

बुधवारी दुपारी अर्धी रजा टाकून डूरी तळघराच्या दारात उभा राहिला. होल्डेनर बाई आत ॲप्रन वाळत घालत होत्या. तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलेली बाई. खालच्या सपाट मुलखातून येऊन एकोणीस वर्षं झाली, तरी आपण तात्पुरत्या आलो आहोत असाच त्यांचा चेहरा.

"बाई, एक छोटीशी विनंती होती."

"बुधवार माझा आहे."

"हो हो, तेच म्हणतो मी..."

"परिशिष्ट ब. वाराची अदलाबदल हवी असल्यास अठ्ठेचाळीस तास आधी, लेखी, दोन प्रतींत. फार सुंदर लिहिलंय. कुणी लिहिलं हो?"

"मीच."

"मला वाटलंच. आणि तुमच्या हातात जे आहे ते कलम अकरात बसतं. खेळाचं साहित्य मशीनमध्ये घालू नये. हेही सुंदर लिहिलंय."

डूरीचे कान लाल झाले. स्वतःच्याच वाक्यांनी मार खाण्यासारखा दुसरा मार नाही. तो परत निघाला तेव्हा बाईंनी त्याच्या हातातल्या त्या काळ्या बोचक्याकडे पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "मुलीचं?"

"शनिवारी निवड आहे तिची."

बाईंनी उरलेला ॲप्रन दोरीवर टाकला. मग म्हणाल्या, "माझं शेवटचं धुणं साडेतीनला निघेल. वाळलेले कपडे न्यायला मी पाचला येईन. मधल्या वेळात मशीन मोकळं असतं हे मला माहीत नाही. आणि चावी मी दाराला विसरणार आहे. आयुष्यात मी काही विसरलेली नाही, तेव्हा हे उपकार लक्षात ठेवा."

साडेतीनला डूरी कामाला लागला. चिलखताच्या आत शिवलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, पॅड काढून धुवा. छान. पण कुठला पॅड कुठला? उजवा-डावा जरा जरा वेगळा वळलेला. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. डूरीने खिशातून पट्टी-पेन्सिल काढली आणि रीतसर नकाशा काढला. एकास पाच प्रमाण, गळा उत्तर, बूड दक्षिण, भूखंड एक ते दहा. पॅडवर चिकटपट्टीने आकडे लावले, आणि खिशांवर तेच आकडे, ओळखायला सोपे जावेत म्हणून, खडूने लिहिले. मग चिलखत उलटं करून मशीनमध्ये टाकलं आणि स्टुलावर बसून समाधानाने काचेतून पाहत राहिला.

खडू धुतला जातो, हे अठ्ठावीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाच्या लक्षात पाऊण तासाने आलं.

"नकाशा आहे ना?" बाल्त्सर म्हणाला. तो मघाशीच वास कुठे गेला बघायला खाली आला होता आणि आता दोन पायऱ्यांवर ऐसपैस बसून सल्ले देत होता.

"आहे. पण नकाशा सुलट्या बाजूचा, आणि हे आता उलटं. शिवाय मी डावं म्हणजे माझं डावं धरलंय, का घालणारीचं, ते..."

"घालून बघ की मग! कपडा अंगात घातल्याशिवाय कसा कळणार? लवचीक आहे ना?"

लवचीक होतं. सोळा वर्षांच्या सडपातळ पोरीचं चिलखत चौपन्न वर्षांच्या डूरीच्या अंगात शिरलं, हे त्या कापडाचं मोठेपण. ओलं असल्यामुळे उलट सुळकन शिरलं. चेन मात्र पोटापाशी थांबली. अठ्ठावीस हिवाळ्यांचा अक्रोडाचा केक तिथे वस्तीला होता. तरी डूरी खूश झाला, कारण अंगावर आल्याबरोबर सगळं उलगडलं. इथे खांदा, इथे कोपर. एकेक पॅड खिशात बसवत तो बाल्त्सरला म्हणाला, "बरोबर बसला का ते कळलं पाहिजे पण."

बाल्त्सर तसाही रिकामाच बसला होता. त्याने कोपऱ्यातलं बर्फ ओढायचं फावडं उचललं, उलटं धरलं आणि दांड्याने खांद्यावर एक ठेवून दिली.

"लागलं?"

"अजिबात नाही! कमाल आहे!"

"इथे?"

"नाही! जरा जोरात मार."

"इथे?"

तिथला पॅड अजून डूरीच्या हातात होता. त्याने जी किंकाळी फोडली ती थेट चर्चपर्यंत गेली म्हणतात. आणि दार उघडून होल्डेनर बाई आत आल्या. बरोबर पाच वाजले होते.

त्यांना दिसलं ते असं. आपल्या बुधवारी, आपल्या धुलाईच्या खोलीत, जमीन नोंदणी कचेरीतला एक जबाबदार अधिकारी पोरीच्या घट्ट चिलखतात पोट बाहेर काढून वाकला आहे आणि म्हातारा बाल्त्सर त्याला फावड्याच्या दांड्याने बडवतो आहे.

"कापाउलसाहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "हे कुठल्या कलमात बसतं?"

"आम्ही तपासतोय," बाल्त्सर म्हणाला. "तूपण मारून बघ. त्याला लागत नाही."

"बाल्त्सर, मला अरे-तुरे करू नका. आपण बाराशे मीटरवर आहोत."

हे बाईंचं नेहमीचं. आमच्याकडे दोन हजार मीटरच्या वर गेलं की सगळे एकमेकांना तू म्हणतात. बँकेचा मॅनेजर असो की गुराखी, वर साहेब-बाई चालत नाही. बाल्त्सर सगळ्या उंचीवर तू म्हणतो, ते सोडा. पण बाईंना ही पद्धत मुळातच अडाणीपणाची वाटायची. "मी वर कधी जातच नाही," त्या म्हणायच्या, "त्यामुळे माझा प्रश्न येत नाही." आणि खरंच, एकोणीस वर्षांत त्या एकदाही रोपवेत बसल्या नव्हत्या. उंचीची त्यांना भयंकर भीती. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत त्या भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या, आणि राहायच्या दुसऱ्या मजल्यावर.

आता डूरीला काढायचं कसं? आत जाताना सुळकन गेलेलं चिलखत बाहेर यायला तयार होईना. शेवटी शिवणबाईच धावून आल्या. "हात वर. श्वास सोडा. सगळा सोडा, अजून आहे आत. बाल्त्सर, तुम्ही पाय धरा. एक, दोन..." तीनला डूरी एकदाचा सुटला, पण असा सुटला की आकड्यांच्या चिकटपट्ट्या निघून पॅड खोलीभर उडाले. चारदोन दोरीवरच्या ॲप्रनवर, बाकीचे बाईंनी वाळत घातलेल्या हातरुमालांवर आणि गरम भांड्यांखाली ठेवायच्या रबरी चटयांवर. शरमेने लाल झालेल्या डूरीने खाली मान घालून ते भराभरा गोळा केले आणि मोजले. दहा. मोजणीत डूरी कधी चुकत नाही, तो तेव्हाही चुकला नाही. दहा म्हणजे दहा.

शुक्रवारी संध्याकाळी लादीना आली, दारातच थांबली, चिलखताला नाक लावलं.

"बाबा. काय केलंस?"

"धुतलं फक्त."

"मी काय सांगितलं होतं?"

"टांगलंसुद्धा," डूरी म्हणाला. "धुऊन मग टांगलं."

तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. लॅव्हेंडर आपलं काम करत होतं. "उद्या यायचं तर ये," ती शेवटी म्हणाली. "पण डोळे मिटलेस ना, तर परत कधी बोलवणार नाही. खरंच नाही." डूरीला रात्री झोप लागली नाही, पण आनंदाने.

शनिवारी सकाळी बावीसशे मीटरवर ऊन लख्ख होतं. उडीच्या आधी प्रत्येकीचं चिलखत तपासायचं, असा त्या स्पर्धेचा नियम. तपासणारी मुलगी हसतमुख होती. तिने लादीनाच्या पाठीचा पॅड दाबला, खांद्याचे दाबले, कमरेचे दाबले, आणि माकडहाडाचा दाबून थबकली. खिशात हात घालून तिने तो बाहेर काढला. नारिंगी, गोल, तळहातापेक्षा थोडा मोठा. उलटवला. मागे एडेलवाईसचं फूल उठवलेलं होतं, आणि फुलाखाली वितळून चिकटलेल्या चीजचा एक थेंब.

"हे काय आहे?"

रांगेतल्या पोरी खिदळायला लागल्या. लादीनाने हळूच मान वळवून बापाकडे पाहिलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी फक्त टांगायला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"खरा पॅड सव्वा अकराच्या आत आला तर ठीक," तपासणारी म्हणाली. "नाहीतर मला सोडता येणार नाही." तेव्हा साडेदहा वाजले होते.

डूरीने फोन लावला. धुलाईच्या तक्त्यामुळे होल्डेनर बाईंचा नंबर त्याला पाठ होता. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"कापाउलसाहेब," पलीकडून आवाज आला, "आज माझा फोंड्यूचा शनिवार. वितळलेल्या चीजचं गरम भांडं कशावर ठेवू? माझी चटई कुठे आहे?"

"बाई, ती वर आहे. बावीसशे मीटरवर. चटईच्या जागी तुमच्याकडे जे आहे ते लादीनाचं... ते माकडहाडाचं आहे हो. बाल्त्सरला द्या ते, तो घेऊन..."

"बाल्त्सर सकाळीच बहिणीकडे गेलाय."

मग पलीकडे कसल्यातरी डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. आणि फोन बंद झाला.

अकरा वाजले. अकरा पाच. डूरी रोपवेच्या दारात उभा होता. येणाऱ्या प्रत्येक डब्यातून स्कीवाले उतरत होते. एकीकडे मुलगी, एकीकडे दार, आणि मधे हा, हातात फोंड्यूची चटई घेऊन. आपण आयुष्यभर इंचाइंचाला जपलं आणि पोरीच्या बाबतीतच असा घोळ घातला, असं पुटपुटत तो दर मिनिटाला घड्याळ बघत होता. अकरा आठला एक डबा आला. त्यात एकच बाई होती. ॲप्रन तसाच, पायांत घरातल्या सपाता, डोळे गच्च मिटलेले, आणि दोन्ही हातांनी छातीशी जेवणाचा डबा धरलेला. रोपवेच्या दारावरच्या माणसाने हाताला धरून उतरवलं तेव्हा त्यांचा चेहरा पीठ फासल्यासारखा पांढरा होता.

"डूरी!" त्या ओरडल्या. "अरे डूरी, कुठे आहेस? धर हे!"

डूरी जागीच खिळला. एकोणीस वर्षांत बाईंनी त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. मग जेवणाच्या डब्यातला पॅड घेऊन तो जो धावला, तो बर्फात दोनदा पडला आणि तसाच उठून धावला. लादीनाने पॅड खिशात सरकवला आणि वरच्या लिफ्टकडे पळाली. 

होल्डेनर बाई कुंपणाशी उभ्या राहिल्या, डूरीच्या बाहीला घट्ट पकडून. "मी डोळे उघडणार नाही," त्या म्हणाल्या. "खाली दरी आहे, मला माहीत आहे. पण माझा पॅड कसा चालतो ते मला कळलं पाहिजे. तू बघ आणि मला सांग."

"निघाली," डूरी म्हणाला.

"मग?"

"उलटी येतेय. पाठ पुढे करून."

"कशाला?"

"तसंच असतं. आता उंचवटा आला..." आणि डूरीच्या पापण्या आपोआप खाली यायला लागल्या.

"मग? अरे मग काय? डूरी! मुकाट उभा काय राहिलायस, सांग ना!"

सांगणं भाग होतं. डूरीने डोळे उघडे ठेवले, आणि त्याला पहिल्यांदाच आपली पोरगी हवेत दिसली. इतकी वर्षं त्याला वाटायचं, वर गेली म्हणजे ती पडतच असणार. ती पडत नव्हती. स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा डबा काढताना असते तशी निवांत, अगदी स्वतःच्या घरात असल्यासारखी होती.

"वळली," तो म्हणाला. "परत वळली. बाई, ती घाबरत नाहीये. तिला ते येतं. तिला येतं हो ते!"

"मला बाई म्हणू नकोस, रोजमारी म्हण. मग?"

"आपटली."

"कशावर?"

"माकडहाडावर."

बाईंची बोटं त्याच्या दंडात रुतली. "मग?"

"उठली. बूड चोळतेय. हसतेय." आणि डूरी कापाउल रडायला लागला. पण डोळे उघडे ठेवून.

दुसऱ्या उडीत ती पायांवर उतरली. सहा जणी घ्यायच्या होत्या, त्यांत सहावी आली. चिलखतात घामाघूम होऊन ती कुंपणापाशी आली आणि बापासमोर उभी राहिली.

"बघितलंस?"

"बघितलं."

"उगाच सांगू नकोस. कुठे वळले मी?"

"डावीकडे," डूरी म्हणाला आणि अडखळला. "म्हणजे माझ्या डावीकडे. तुझ्या... थांब, नकाशा काढून दाखवू का?"

लादीना इतकी हसली की तिला कुंपण धरावं लागलं. मग तिने त्याच कुंपणावरून वाकून बापाला मिठी मारली. लॅव्हेंडर केव्हाच उडून गेलं होतं.

परतीच्या डब्यात तिघं बसली. दोन हजार मीटरवरचं मधलं स्थानक मागे पडलं तसे होल्डेनर बाईंनी डोळे उघडले, ॲप्रन सारखा केला आणि हात पुढे केला. "कापाउलसाहेब, माझी चटई. आणि बुधवार माझा आहे, हे विसरू नका."

"नाही बाई," डूरी म्हणाला.

पुढचा मंगळवार कापाउलांचा होता. डूरी कचेरीतून आला तर जेवणाच्या टेबलावर चिलखत पडलेलं, शनिवारपासूनच्या घामासकट, आणि शेजारी लादीना गृहपाठ करत बसलेली. वहीतून मान वर न करता ती म्हणाली, "आज आपला वार ना? धुशील?"

कुठल्याही कामाला दोन प्रतींत अर्ज मागणाऱ्या डूरीने एक शब्दही विचारला नाही. त्याने चिलखत दोन्ही हातांनी उचललं आणि ती मत बदलायच्या आत जिना उतरायला लागला.